गाईडबुक घ्यायचं तर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? (जपान, एप्रिल)

ओलीमाती
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

एप्रिलमध्ये चौदा दिवस जपानला जायचं ठरलंय. मी, नवरा आणि माझे आई-बाबा. बाबा सत्तरीला टेकलेत पण पायाने ठणठणीत, आईचा एक गुडघा कुरकुरतो. विमानाची तिकिटं झाली, हॉटेलं निम्मी झाली, आणि आता बाबांनी एकच धोशा लावलाय, "आधी पुस्तक घ्या". त्याला कारण आहे. मागे पॅरिसला गेलो होतो तेव्हा सगळं फोनवर बघू म्हणून निघालो आणि मंगळवारी सकाळी नटूनथटून लूव्र संग्रहालयाच्या दारात जाऊन उभे राहिलो. लूव्र मंगळवारी बंद असतं. बाबा तेव्हा एक शब्द बोलले नाहीत, पण तेव्हापासून घरात कोणी काही विसरलं की ते फक्त "लूव्र" म्हणतात आणि पेपरात डोकं घालतात.

तर काल दुकानात जाऊन आले. जपानवरची पाच जाडजूड पुस्तकं, पाचहीवर 'संपूर्ण सुधारित आवृत्ती'. चाळून चाळून डोकं गरगरलं. सगळ्यांत देवस्थानापुढची तीच लाल तोरी कमान, तोच फुजी. यातलं भरवशाचं कुठलं हे ओळखायचं कसं? आणि खरं सांगा, पुस्तक लागतं का अजून?

रिकामटेकडा
गाईडबुक? ह्या जमान्यात? फोन नावाची एक वस्तू निघालीय म्हणे. (हलके घ्या.)

भटकभवानी
लूव्र =)) बाबांचा पंखा झाले मी.

घ्या पुस्तक. सविस्तर नंतर लिहिते, आत्ता मीटिंगमध्ये आहे.

नकाशेवाला
ओलीमाती, स्वागत.

'संपूर्ण सुधारित' ह्या दोन शब्दांवर अजिबात जाऊ नका, ते छापायला वेगळे पैसे पडत नाहीत. मुखपृष्ठ उलटा आणि आतलं बारीक टायपातलं पान वाचा, जे कोणीच वाचत नाही. तिथे आवृत्तीचा क्रमांक आणि साल असतं. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यात गल्लत करू नका, पुनर्मुद्रण म्हणजे तोच जुना मजकूर नव्या कागदावर. आणि आवृत्तीच्या सालातूनसुद्धा एखादं वर्ष मनातल्या मनात वजा करा, कारण लेखक फिरून येणार, लिहिणार, त्यावर संपादक बसणार, नकाशे होणार, छपाई होणार, मग कुठे ते दुकानात येणार. म्हणजे अगदी ताजं पुस्तकही तुमच्या हातात येतं तेव्हा शिळंच असतं, प्रश्न फक्त किती शिळं एवढाच.

मग माझी एक खोड आहे, मी दुकानात उभ्या उभ्या पुस्तकाची तोंडी परीक्षा घेतो. त्या देशात गेल्या काही वर्षांत ठळकपणे काय बदललंय ते आधी माहीत करून घ्यायचं आणि थेट तेच पान उघडायचं. क्रोएशियाचं पुस्तक किमती कुनामध्ये सांगत असेल तर नापास, तिथे १ जानेवारी २०२३ पासून युरो चालतो. बर्लिनचं पुस्तक टेगेल विमानतळावरून शहरात यायची बस सांगत असेल तर नापास, तो विमानतळ नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाला. जपानसाठी सोपा प्रश्न: ट्यूना माशांचा पहाटेचा लिलाव बघायला कुठे जा म्हणतंय? टोकियोतल्या त्सुकिजी बाजारात पाठवत असेल तर गुपचूप शेल्फवर परत ठेवा. घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्येच तोयोसूला हलला. मात्र बाहेरचा किरकोळ बाजार त्सुकिजीतच आहे, त्यामुळे नुसता 'त्सुकिजी' शब्द दिसला म्हणून मार्क कापू नका, लिलाव कुठे म्हणतंय ते बघा.

अबोली_१२
वा, तोंडी परीक्षा भारीच. अजून एक प्रश्न माझ्याकडून. टीमलॅब बॉर्डरलेस हे टोकियोतलं डिजिटल कलेचं संग्रहालय कुठे दाखवलंय? ओदाइबाला असेल तर तेही जुनं, तिथलं ऑगस्ट २०२२ मध्ये बंद झालं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अझाबुदाई हिल्सला नव्याने उघडलं.

दोन_बॅगा
मी ह्या विषयात पोळलेली आहे म्हणून लिहिते, लांबेल.

आम्ही २०२३ च्या नोव्हेंबरात गेलो होतो, टोकियोत उतरायचं, क्योटो करायचं, परत टोकियो, बस. दिराने त्याचं पुस्तक दिलेलं, चांगल्या नावाजलेल्या मालिकेतलं, नाव सांगत नाही. त्यात पहिल्याच प्रकरणात चौकटीत होतं की जपानला जाताय तर रेल पास घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. पुस्तकात सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येन. घ्यायला गेले तर ५०,०००. मी म्हटलं असेल बाई, महागाई सगळीकडेच आहे, पुस्तकात लिहिलंय म्हणजे घ्यायलाच हवा, आणि घेतले चार. नंतर गाडीत बसल्यावर नवऱ्याने सहज हिशोब केला. टोकियो-क्योटो शिन्कानसेनचं (तिकडची बुलेट ट्रेन) एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन. म्हणजे जाऊन येऊन २८,०००. आम्ही माणशी २०,००० च्या वर जास्त मोजले होते, गुणिले चार. बरं, सगळ्यात वेगवान नोझोमी त्या पासवर जादा पैसे भरल्याशिवाय चालतही नाही, म्हणजे जास्त पैसे देऊन आम्ही कमी वेगाच्या गाडीने गेलो. उरलेला पूर्ण प्रवास नवरा माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढली होती. एका महिन्याने हुकलं.

रिकामटेकडा
बघा! पुस्तकाने गंडवलं. फोनवर पाच मिनिटांत कळलं असतं.

दोन_बॅगा
हो ना, आणि फोन तेव्हाही हातातच होता की :( खरं तर वाढलेली किंमत मला फोनवरच दिसली. पण डोक्यात पुस्तकातली चौकट बसली होती.

नकाशेवाला
दोन_बॅगा, हे फार महत्त्वाचं बोललात. पुस्तक चुकलं नव्हतं. ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी सल्ला बरोबरच होता. जुन्या किमतीत टोकियो-क्योटो जाऊन आलं की पास जवळजवळ वसूल व्हायचा, एखादी जास्तीची फेरी केली की फायदा. किंमत बदलली आणि तोच सल्ला उलटा झाला. म्हणून मी म्हणतो की पुस्तकातला आकडा जुना असला तर त्याचं फार वाईट वाटून घेऊ नये, पण त्या आकड्यावर उभा असलेला सल्ला तपासावा. चांगलं पुस्तक 'घ्याच' म्हणून थांबत नाही, कधी परवडतो आणि कधी नाही ते सांगतं, मग किंमत बदलली तरी हिशोब आपला आपल्याला मांडता येतो.

सुलभाताई
रिकामटेकडा, तुम्हाला एक विचारते, रागावू नका. फोनवर तुम्ही काय शोधता? जे तुम्हाला माहीत आहे तेच ना? "क्योटो बघण्यासारखी ठिकाणं" टाकलं की तीच दहा ठिकाणं, त्याच क्रमाने, आणि त्या दहाही ठिकाणी जगातले सगळे फोनवाले आधीच उभे.

क्योटोत देवळं म्हणजे मोजायची सोय नाही, बौद्ध मंदिरं आणि शिंतो देवस्थानं मिळून दोन हजारांच्या आसपास सांगतात. त्यातली चार बघायची तर कुठली चार, आणि का, आणि मुख्य म्हणजे कुठली सोडली तर चालेल, हे सांगणारा कोणीतरी लागतो. मला पुस्तक लागतं ते सोडण्यासाठी. वेळा-बिळा मी फोनवरच बघते. पण घरी सोफ्यावर बसून पंधरा दिवस आधी पुस्तक वाचलं की शहराचा आराखडा डोक्यात बसतो, नदी कुठे, डोंगर कुठल्या बाजूला, कुठली दोन ठिकाणं एकाच दिवसात पायी होतील. फोनच्या नकाशात निळा ठिपका दिसतो, शहर दिसत नाही.

भटकभवानी
सुलभाताई +१. "सोडण्यासाठी पुस्तक" एकदम पटलं.

मीटिंग संपली. आता मालिकांबद्दल, ही माझी वैयक्तिक मतं, मारायला धावू नका. लोनली प्लॅनेट: स्वतःचं स्वतः फिरणाऱ्यांसाठी, पण अलीकडच्या आवृत्त्यांत हॉटेलं-खाणावळींच्या याद्या मला कमी झालेल्या वाटल्या, त्यामुळे जुन्या चाहत्यांची कुरकुर असते. रफ गाईड्स: इतिहास, संगीत, राजकारण यावर भरभरून, वाचायला मजा, पण बाबांना आवडेल आणि नवऱ्याला झोप येईल. डीके आयविटनेस: चित्रंच चित्रं, इमारती मधून कापून दाखवतात, त्यामुळे आत गेल्यावर आपण काय बघतोय ते कळतं, फक्त तो गुळगुळीत कागद इतका जड की सामानाच्या वजनात मोजावा लागतो. मिशलँ ग्रीन गाईड: दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जा, तीन म्हणजे खास तेवढ्यासाठी प्रवास करा, हे एका नजरेत कळतं. ब्राट: जिथे इतर कोणी जात नाही अशा देशांसाठी. रिक स्टीव्ह्ज: अत्यंत कामाचा माणूस, पण युरोपपुरता, जपानसाठी उपयोग नाही.

अबोली_१२
मिशलँचे तारे हॉटेलांना असतात ना?

भटकभवानी
खाण्याच्या जागांना देतात ते लाल पुस्तक. हिरवं स्थळांसाठी. टायर विकणारी कंपनी ती, १९०० साली पहिलं पुस्तक काढलं ते लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात म्हणून. टायर झिजले पाहिजेत ना.

बोरूबहाद्दर
तारे म्हणालात म्हणून राहवत नाही. अवांतर आहे, धागाकर्तीने माफ करावं.

प्रवासी पुस्तकात तारे लावायची पद्धत रूढ केली बेडेकरने. आडनाव वाचून दचकू नका, हे जर्मनीतले, कार्ल बेडेकर, कोब्लेन्झला १८२७ मध्ये प्रकाशन सुरू केलं. साधारण त्याच काळात इंग्लंडमध्ये जॉन मरेची हँडबुकं निघाली, पहिलं १८३६ चं. बेडेकरची ख्याती अचूकपणाची. आख्यायिका अशी सांगतात की हा गृहस्थ मिलानच्या कॅथीड्रलच्या छतावर चढताना दर वीस पायऱ्यांना एक वाटाणा जाकिटाच्या खिशातून काढून पँटच्या खिशात टाकत होता, म्हणजे वर पोचल्यावर वाटाणे गुणिले वीस, की पायऱ्यांचा आकडा पक्का. आणि उतरताना वाटाणे उलट्या दिशेने, पडताळा म्हणून.

भरवशाचं गाईडबुक म्हणजे काय याची माझी व्याख्या हीच, लेखकाच्या खिशात वाटाणे होते का?

रिकामटेकडा
हैला, वाटाणे! हे फोनमध्ये नाही मिळत, मान्य.

आडवाटेचा
बोरूबहाद्दर, ह्याच बेडेकरच्या नावाने दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ले पण झालेत की. १९४२ मध्ये जर्मनांनी एक्सटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी ह्या लष्करी महत्त्व नसलेल्या, पण गाईडबुकात तारे मिळवणाऱ्या शहरांवर हल्ले केले, त्यांना बेडेकर रेड्सच म्हणतात.

अबोली_१२
आलं का इथे पण दुसरं महायुद्ध. कुठलाही धागा घ्या, तिसाव्या प्रतिसादाच्या आत येतंच :D

शंकासुर
वाटाणे वगैरे एकोणिसाव्या शतकात. आताचे लेखक खरंच जातात का हो तिथे? २००८ मध्ये लोनली प्लॅनेटच्या एका लेखकानेच जाहीर केलं होतं की कोलंबियाच्या पुस्तकावर काम करताना तो कोलंबियाला गेलाच नव्हता. जगभर बातमी झाली होती.

नकाशेवाला
शंकासुर, अर्धी बातमी सांगितलीत. प्रकाशकांचा खुलासा असा होता की त्याला पुस्तकाच्या सुरुवातीचा माहितीपर भागच दिला होता, ठिकाणांच्या नोंदींसाठी दुसरे लेखक फिरले होते. कोणाचं किती खरं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण तुमची शंका योग्य आहे, आणि ती पुस्तकातच तपासता येते. लेखकांची ओळख छापलेली आहे का, कुठल्या लेखकाने कुठला प्रदेश केला ते दिलंय का, ते पान बघा. आणि मजकुरात असं काही सापडतं का जे गेल्याशिवाय लिहिताच येत नाही? उदाहरणार्थ "स्टेशनच्या दक्षिण दरवाज्याने बाहेर पडू नका, लिफ्ट उत्तरेलाच आहे". हे घरबसल्या सुचत नाही. "निसर्गसौंदर्याने नटलेलं, इतिहास आणि आधुनिकतेचा संगम" हे सुचतं.

दोन_बॅगा
"संगम" दिसला की पुस्तक खाली :D

अनामिका_के
इथे एक सावधगिरीची सूचना. ऑनलाइन घेणार असाल तर फार जपून. यंत्राकडून लिहून घेतलेली बोगस गाईडबुकं ढिगाने आलीत, २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्यावर मोठी बातमी केली होती. मी स्वतः फसलेय. पूर्व युरोपातल्या एका देशासाठी मागवलं, पंचतारांकित अभिप्राय शेकड्याने, किंमत कमी, मुखपृष्ठ झकास. आत एकही नकाशा नाही! फोटो नाहीत. प्रत्येक शहराला दीड पान आणि प्रत्येक शहर "लपलेलं रत्न". लेखकाचं नाव शोधलं तर त्या माणसाने एकाच वर्षात तीसेक देशांवर पुस्तकं लिहिलेली, आणि त्या पुस्तकांच्या बाहेर त्याचा कुठेही मागमूस नाही.

आता मी अभिप्राय वाचताना आधी तारखा बघते. सगळे एकाच आठवड्यातले असले की संपलं. आणि वाईट अभिप्राय आधी वाचते, "नकाशे बारीक आहेत" अशी तक्रार कोणी केली असेल तर निदान नकाशे आहेत एवढं तरी कळतं.

सुलभाताई
हे माहीत नव्हतं. लेखक न जाता लिहितो म्हणून २००८ मध्ये एवढा गहजब, आणि आता लेखकच नाही!

आडवाटेचा
फुकटातला पर्याय कोणी सांगितला नाही म्हणून, विकिव्हॉयेज. विकिपीडियाच्याच घरातलं भावंड, २०१३ पासून. ऑफलाइन उतरवून घेता येतं. दर्जा मात्र पानागणिक वेगळा, एखाद्या गावावर कोणी वेडा माणूस भेटला असेल तर पुस्तकाच्या वर, नाहीतर चार ओळी. प्रत्येक पानाला बदलांच्या इतिहासाचा दुवा असतो, तिथे शेवटचा बदल कधी झाला ते दिसतं. ही सोय छापील पुस्तकात नाही.

बोरूबहाद्दर
मी तर मुद्दाम जुनी आवृत्ती घेतो. रद्दीच्या भावात मिळते. डोंगर हलत नाहीत, देऊळ कोणी बांधलं ते बदलत नाही. वेळा आणि भाडी फोनवर. आणि जुनी असली की ब्लेडने प्रकरणं कापता येतात, आज लागतील तेवढीच वीस पानं खिशात, बाकी हॉटेलवर.

सुलभाताई
पुस्तक कापता?!!

भटकभवानी
बोरूबहाद्दर, तुमचं नाव बदला आता. ब्लेडबहाद्दर.

अबोली_१२
मी पण फाडते. लपूनछपून. आज पहिल्यांदा कबूल करतेय.

सुलभाताई
मी ह्या धाग्यावरून सभात्याग करतेय.

(फोटो काढून घ्या की पानांचे. कशाला तो अत्याचार.)

बोरूबहाद्दर
ताई, फोटोत बघायचं तर रिकामटेकडा जिंकला की.

दोन_बॅगा
डोंगर हलत नाहीत पण किल्ले जळतात हो. ओकिनावाच्या शुरी कॅसलची मुख्य इमारत ऑक्टोबर २०१९ मध्ये आगीत गेली. जुन्या आवृत्तीत ती दिमाखात उभी असणार.

शंकासुर
धागा बराच भरकटला. ओलीमाती आहेत का पळाल्या?

ओलीमाती
आहे आहे! सगळं वाचतेय आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवतेय. त्यांना वाटाण्याची गोष्ट इतकी आवडली की दोनदा वाचायला लावली. ब्लेडचा विषय मी गाळला.

एक राहिलं विचारायचं, आम्ही चौघेही शाकाहारी आहोत, त्याचं पुस्तकात कितपत नीट असतं?

अनामिका_के
हीच तुमची चौथी तोंडी परीक्षा. अनुक्रमणिकेत 'दाशी' शोधा. दाशी म्हणजे तिकडचं मूळ रस्सापाणी, बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचं. नूडल्सचं सूप, भाज्या, सॉस, सगळ्यात. "जपानमध्ये तोफू आणि भाज्या मुबलक, शाकाहाऱ्यांना अडचण नाही" असं लिहिणारं पुस्तक शाकाहारी माणसाने लिहिलेलं नाही. दाशीचा इशारा देऊन मठांमधल्या शोजिन र्योरी ह्या शाकाहारी जेवणाबद्दल सांगणारं असेल तर ते घ्या.

नकाशेवाला
उत्तम प्रश्न. आणि सोमवार! तिकडची बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, सोमवारी सार्वजनिक सुट्टी असेल तर उघडी आणि मग मंगळवारी बंद. पुस्तकात ही दुसरी अट लिहिलीय का बघा. बाबांना मंगळवारचं वेगळं सांगायला नको.

ओलीमाती
जाऊन आले! निकाल असा. बाबा सोबत होते, वहीत प्रश्न लिहून नेले होते, दुकानातला मुलगा आमच्याकडे संशयाने बघत होता.

पहिलं: लिलाव त्सुकिजीत. बाद. बाबांनी ते शेल्फवर उलटं ठेवलं.
दुसरं: रेल पास जुन्या किमतीत. आतलं पान बघितलं तर पुनर्मुद्रण. बाद.
तिसरं: लिलाव बरोबर, टीमलॅब बरोबर, दाशी नाही, आणि क्योटोच्या एक दिवसाच्या बस पासची जोरदार शिफारस. तो पास बंद झालाय हे मला काल रात्रीच कळलं, सप्टेंबर २०२३ पर्यंतच विकत होते म्हणे, आता सबवे-बस एकत्र पास मिळतो. बाबा म्हणाले काठावर पास.
चौथं: सगळे प्रश्न बरोबर पण टाईप इतका बारीक की बाबांना भिंगाशिवाय दिसेना. म्हणजे काय उपयोग.
पाचवं: पासवर 'तुमचा मार्ग मांडून बघा, मगच घ्या' असं उदाहरणासकट, दाशीवर अर्धं पान, सोमवार-मंगळवार दोन्ही. आणि टाईप वाचता येतो. घेतलं. आईने शिवाय डीकेचं चित्रांचं एक उचललं, म्हणाली मला तुमच्या परीक्षेशी देणंघेणं नाही, मला आतून कापलेलं देऊळ बघायचंय.

रिकामटेकडा
दोन पुस्तकं! माझा पराभव मान्य. तरी घिबली म्युझियमचं (तिकडच्या प्रसिद्ध ॲनिमेशन स्टुडिओचं संग्रहालय) तिकीट फोनवरच काढावं लागेल, आधीच्या महिन्याच्या १० तारखेला जपानी वेळेप्रमाणे सकाळी १० ला विक्री सुरू होते. एप्रिलसाठी १० मार्च. गजर लावा.

ओलीमाती
लावला. धन्यवाद :)

दोन_बॅगा
मे उजाडला. ओलीमाती, गेलात, आलात, वृत्तांत कुठाय?

ओलीमाती
आलो सुखरूप. वृत्तांत वेगळा टाकेन, इथे फक्त पुस्तकापुरतं.

घिबलीचं तिकीट मिळालं. एकाही बंद दारासमोर उभे राहिलो नाही. पुस्तकातली दोन खाण्याची ठिकाणं गायब होती, एका ठिकाणी आता केस कापतात. आईच्या गुडघ्यासाठी मात्र पुस्तकाचा काही उपयोग झाला नाही, कुठे किती जिने ते फार थोड्या ठिकाणी लिहिलंय, त्यासाठी स्टेशनातल्या माहिती केंद्रातल्या मुलीच जास्त कामाच्या निघाल्या, नकाशावर पेनाने लिफ्टपाशी गोल करून द्यायच्या.

आता मुख्य गोष्ट. शिकोकू बेटावर कोन्पिरा-सान म्हणून डोंगरावरचं देवस्थान आहे. आमच्या यादीत नव्हतं. बाबांनी पुस्तकात वाचलं, "मुख्य मंदिरापर्यंत ७८५ पायऱ्या", आणि हटूनच बसले. कारण तुम्ही लोक! खिशात एक येनची नाणी भरून घेतली चाळीस. आई खाली चहा घेत बसली, मी आणि नवरा त्यांच्या मागे, आणि ते दर वीस पायऱ्यांना एक नाणं ह्या खिशातून त्या खिशात. कोणी बोलायचं नाही. मध्ये एका बाईंनी फोटो काढायला सांगितला तर मला हातानेच खूण केली की तू जा. वर पोचलो. एकोणचाळीस नाणी आणि वर सहा. ७८६.

त्यांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू. "चुकलं! पुस्तक चुकलं!"

उतरताना परत मोजल्या तर वाटेत त्यांच्या लक्षात आलं की एका जागी उलट एक पायरी चढावी लागतेय. म्हणजे वर जाताना तिथे एक पायरी उतरायची होती, ती त्यांनी हिशोबात घेतलीच नव्हती. खाली माहिती केंद्रात विचारलं तेव्हा उलगडा झाला. सात-आठ-सहा हे आकडे जपानीत 'नायामु' असे वाचता येतात आणि त्याचा अर्थ त्रासात पडणे, काळजीत असणे. म्हणून एक पायरी मुद्दाम उलटी ठेवली आणि आकडा ७८५ वर आणला असं सांगतात.

पुस्तकात ह्यातलं अक्षर नाही.

बोरूबहाद्दर
_/\_ बाबांना साष्टांग. वाटाण्यांचं सार्थक झालं.

शंकासुर
मग पुस्तक बरोबर की चूक?

नकाशेवाला
आकडा बरोबर. पण लिहिणारा मोजत चढला असता तर ती पायरी त्याला दिसल्याशिवाय राहिली नसती. माझ्या मते ह्याने कुठूनतरी उतरवून घेतलाय.

सुलभाताई
असं कसं म्हणता, ७८५ पायऱ्या चढून दमलेला माणूस एक पायरी उतरल्याचं विसरू शकतो. लेखकही माणूसच.

भटकभवानी
त्याच्याकडे नाणी नसतील.

रिकामटेकडा
ओलीमाती, ते पुस्तक वाचायला मिळेल का? ऑक्टोबरमध्ये जायचं घाटतंय. (हसू नका कोणी.)

ओलीमाती
माझ्याकडून केव्हाही, पण ते बाबांच्या टेबलावर आहे. लाल पेनने समास भरून टाकलेत. शेवटच्या पानावर प्रकाशकांनी लिहिलंय की काही चूक आढळल्यास कळवा, आणि ते त्यांनी फार मनावर घेतलंय. पत्राचं तिसरं पान चालू आहे, सध्या 'नायामु'पाशी अडलेत, इंग्रजीत कसं समजवायचं म्हणून. झालं की देते.